नवीन वेकबोर्ड बोट आतून पाहिली: बसायला झकास, पण भिजायला?

लेनियरकर · 21 जानेवारी

काल अटलांटाच्या बोट शोला जाऊन आलो. नुसतं बघायला म्हणून गेलो आणि एका नव्या वेकबोर्ड बोटीत पाऊण तास ठाण मांडून बसलो. शेवटी सेल्समननेच पाणी विचारलं.

आम्ही चार मराठी घरं मिळून अटलांटाजवळच्या लेक लेनियरवर एक जुनी बोट चालवतो. 2004 ची, 21 फुटी, इंजिन अजून धडधाकट. पण गेल्या उन्हाळ्यात मागच्या बाकाची शिवण उसवली, आतला फोम पाणी धरायला लागला आणि त्यावर जो बसेल त्याची चड्डी ओली. तेव्हापासून "आता नवीन घेऊ या" हे पालुपद सुरू आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वेकबोर्ड म्हणजे पायांना एक रुंद फळी बांधायची, बोटीला बांधलेली साठ-सत्तर फुटांची दोरी धरायची आणि बोटीमागे उठणाऱ्या लाटेवरून उड्या मारायच्या. ताशी 20-22 मैल वेग लागतो. वेकसर्फिंग त्याच बोटीमागे, पण निम्म्या वेगाने, आणि लाट पकडली की दोरी सोडून द्यायची.

आता पहिलं इंप्रेशन. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच कुणाची जाहिरात नको आणि बदनामीही नको.

चढतानाच चपला काढायला लावल्या. आत पाऊल ठेवलं तर जमिनीवर गालिचा नाही, सागवानी फळ्यांसारख्या रेघा ओढलेला मऊ फोम. सीट दुधाळ पांढऱ्या, त्यावर शंकरपाळ्यांच्या आकाराची शिवण. गाडीच्या शोरूममध्ये येतो तसा नवा वास. ड्रायव्हरपुढे काटेवाला एकही डायल नाही, दोन मोठे टचस्क्रीन. वेग, बॅलास्टचं (लाट मोठी व्हावी म्हणून बोट जड करायला भरतात ते) पाणी, गाणी, दिवे, सगळं त्यातच. बोट 23 फुटी, पण नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, भाग निमुळता न ठेवता रुंदच ठेवलाय, त्यामुळे पुढेही चार जणं मांडी घालून बसतील.

एक गोष्ट मात्र गमतीची वाटली. ड्रायव्हर सोडला तर सगळ्या बैठकांचं तोंड मागे! मागच्या काठावरची सीटसुद्धा उलटून पाण्याकडे तोंड करते. लग्नाच्या हॉलमध्ये बसल्यासारखं, फक्त स्टेज पाण्यात.

मग गादी उचलून पाहिली. खाली सामानाला ऐसपैस जागा असेल अशी आशा होती, तिथे बॅलास्टची टाकी. दुसरी उचलली, तिथेही तेच. कपहोल्डर मोजले: सतरा. ओले टॉवेल टाकायला जागा विचारली तर सेल्समनने एक छोटा कप्पा दाखवला, आमच्या डब्यांच्या पिशवीएवढा.

प्रश्न असा: दीड लाख डॉलरच्या वरची वस्तू आतून बघताना नेमकं बघायचं काय? बायको म्हणते "सुंदर आहे." मलाही सुंदर वाटली, म्हणूनच भीती वाटतेय.

खोडसाळपंत · 21 जानेवारी

चार घरं, म्हणजे आठ मोठी माणसं. सकाळचे चहा आठ, दुपारची सरबतं आठ. सतरावा कपहोल्डर पाहुण्यांचा. रचनेत काही चूक दिसत नाही.

नागपुरी संत्रं · 21 जानेवारी

आमच्या अंबाझरीत पायडल बोट मिळे. सीटा दोन, दोन्ही समोर. बॅलास्ट म्हणून मोठ्या मामाला बसवत, तो ज्या बाजूला बसे तिकडेच बोट वळे.

गारठलेला मिनेसोटा · 22 जानेवारी

लेनियरकर, दहा वर्षं अशा बोटी चालवतोय, दुसरीवर आहे. माझा पहिला सल्ला: शोरूममध्ये कोरडे बसलात, ते विसरा. डोळ्यांपुढे हे आणा. सहा ओले लोक, तीन लाइफ जॅकेट, दोन बोर्ड, एक कलिंगड, एक रडणारं पोर. आता प्रत्येकाने कुठून जायचं आणि काय कुठे ठेवायचं? जुन्या बोटीत तुमच्या हातापायांना वाट ठाऊक असते. नवीत मधल्या वाटेत दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकतात का, ते घरच्या लोकांना नेऊन खरोखर ओलांडून बघा.

दुसरं, ते टचस्क्रीन. पोलराइज्ड गॉगल घालून बघितले का? माझ्या पहिल्या बोटीचा स्क्रीन त्या गॉगलमधून सरळ बघितला तर काळा ठिक्कर, मान तिरकी केली की उजळायचा. एक अख्खा उन्हाळा मी कोंबडीसारखी मान वाकडी करून बोट हाकली. आणि ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. निदान वेग आणि बॅलास्टसाठी खरं बटण किंवा फिरवायची खुंटी हवीच.

जमिनीचा रंग कुठला होता? फोम गडद राखाडी असेल तर जुलैत दुपारी अनवाणी उभं राहून दाखवा. पॉपकॉर्नसारखे उडाल.

लेनियरकर · 22 जानेवारी

गडद राखाडीच होता. आत एसी होता म्हणून कळलं नाही.

रेक्झिनवाला · 22 जानेवारी

आमच्या वडिलांचं कोल्हापुरात कुशनचं दुकान होतं. रिक्षाचं हूड, ट्रकच्या सीट, बुलेटच्या गाद्या. लहानपणी सुट्टीत मी फोम कापायला बसायचो. त्यामुळे या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

भावा, सीटचा रंग बघू नको, शिवण बघ. त्या शंकरपाळ्या दिसायला नाद खुळा, पण प्रत्येक टाका म्हणजे सुईचं एक भोक. बसायच्या सपाट भागावर अशी हजार भोकं पाडली की पाणी साचतं तिथूनच आत झिरपतं. आमचे वडील म्हणायचे, "नक्षी पाठीला, साधं बुडाला." पाठीच्या उभ्या भागावर नक्षी असू दे, पाणी घसरून जातं. बुडाखाली शिवण जितकी कमी तितकं आयुष्य जास्त.

दोरा कुठला ते विचार. साध्या पॉलिस्टरचा दोरा उन्हाने आधी मरतो, विनाइल नंतर. तुमच्या जुन्या बोटीत "शिवण उसवली" म्हणताय, विनाइल धड असेल तर तेच झालंय. पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, दोरा येतो, महाग असतो, पण ऊन त्याला फारसं काही करत नाही.

मग गादी उलटी कर. खालची पाटी लाकडाची असेल तर सोडून दे, प्लास्टिकची साच्यातली हवी. तिला पाणी निथळायला भोकं आहेत का? फोम अंगठ्याने दाब आणि सोड. खड्डा लगेच भरून आला पाहिजे. कडेला पायपिंग असेल तर कोपऱ्यात बघ, फाटायला सुरुवात तिथूनच होते. आणि स्टेपल गंजणारे की स्टेनलेस? खिशात चुंबक घेऊन जा. साध्या लोखंडाला कचकन चिकटतं.

आणि एक सांगू? त्या जुन्या बोटीच्या गाद्या नव्याने शिवून घ्यायचा खर्च काढलास का?

खोडसाळपंत · 22 जानेवारी

"नक्षी पाठीला, साधं बुडाला" हे मी पैठणीच्या दुकानात बायकोला ऐकवणार आहे. नंतर या धाग्यावर दिसलो नाही तर समजून घ्या.

पवनाकाठी · 23 जानेवारी

दीड लाख डॉलर वाचून डोळे पांढरे झाले. एवढ्या पैशांत आमच्या गावात... असो. पण खरा आक्षेप वेगळा आहे. मुद्दाम दीड-दोन टन पाणी भरून बोट जड करायची, म्हणजे मोठी लाट उठेल, ती किनाऱ्यावर आदळेल, आणि आपण पांढऱ्या सीटवर बसून बघायचं. तळ्याला विचारलं का कुणी?

गारठलेला मिनेसोटा · 23 जानेवारी

पवनाकाठी, आक्षेप रास्त आहे. आमच्याच मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने 2022 मध्ये अहवाल दिला, की सर्फिंगची लाट साध्या बोटीच्या लाटेइतकी सौम्य व्हायला किनाऱ्यापासून 500 फुटांहून जास्त अंतर हवं. व्हर्मॉंटने 2024 पासून तसा नियमच केला: किनाऱ्यापासून 500 फूट, पाण्याची खोली किमान 20 फूट, आणि एवढी जागा सलग 50 एकर असेल अशाच तळ्यात. शिवाय बॅलास्टच्या टाकीत उरलेल्या पाण्यातून शिंपल्यांची पिल्लं एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. म्हणून टाकी पूर्ण रिकामी होते का, हाही आतून बघायचा मुद्दा आहे. टाकीऐवजी पाण्याची बॅग असेल तर तळाशी थोडं पाणी हमखास राहतं.

लेनियर मोठं आहे, 38 हजार एकरांचं. पण खाड्या अरुंद, आणि प्रत्येकीत कुणाचा ना कुणाचा धक्का.

पवनाकाठी · 23 जानेवारी

धन्यवाद. भांडायला आलो होतो, आता काय करू?

तांडेलाचा नातू · 24 जानेवारी

हर्णैहून लिहितोय. तुमची भाषा वाचून मजा वाटली. बॅलास्टला आमचे जुने लोक नीरम म्हणत. गलबत रिकामं परतताना तळात दगड-वाळू भरायचे, नाहीतर वाऱ्याने कलंडायचं. म्हणजे आम्ही वजन भरायचो बोट शहाणी राहावी म्हणून, तुम्ही भरता ती वेडी व्हावी म्हणून.

सगळ्या बैठका मागे तोंड करून, यात नवल नाही. ट्रॉलरवर जाळं मागून ओढतात. तांडेल पुढे बघतो, खलाशांचा डोळा मागे दोरावर. तुमच्याकडेही दोर मागेच आहे, फक्त दोराच्या टोकाला मासा नाही, तुमचा मुलगा आहे. मग मला सांगा, त्याच्यावर डोळा ठेवायला नेमलेला माणूस कुठे बसतो? तो बसतो तिथून ड्रायव्हरला हाक ऐकू जाते का? सतरा कपहोल्डर मोजलेत, हे नाही सांगितलंत.

लेनियरकर · 24 जानेवारी

नातूसाहेब, पकडलंत. ती सीट ड्रायव्हरच्या शेजारी डाव्या बाजूला आहे, पाठ पुढे करून पाय लांब सोडायची. बसलो तेव्हा आरामखुर्चीसारखी वाटली. आता आठवतंय, तिथून मागे बघताना दोरी उंच बांधायच्या टॉवरचा एक खांब आणि त्यावरचा स्पीकर बरोबर मध्ये येत होता. जॉर्जियात दुसरा माणूस नाहीतर मोठा आरसा लागतो. आम्ही दोन्ही ठेवतो.

जुनं ते सोनं · 24 जानेवारी

थोडं विषयांतर. टॉवरचा उल्लेख आला म्हणून.

हा खेळ तसा तरुण आहे. 1985 च्या सुमारास सॅन डिएगोचा टोनी फिन लाटेवरच्या सर्फबोर्डची एक आखूड बहीण घेऊन बोटीमागे निघाला, तिचं नाव स्कर्फर. 1990 च्या आसपास हर्ब ओब्रायनने पाण्यात ना बुडणारी ना वर उसळणारी फळी आणली, तिथून आजचा वेकबोर्ड. तेव्हा लोक वॉटर-स्कीच्या बोटी वापरायचे. त्यांत इंजिन मधोमध, पेटीत, बैठकीच्या खोलीत पलंगावर बसलेल्या आजोबांसारखं. सगळी वाहतूक त्यांना वळसा घालून. स्कीवाल्यांना लाट नको असते, म्हणून वजन मध्यावर.

वेकबोर्डवाल्यांना लाट हवी. मग इंजिन उचलून पार मागे नेलं, त्याचा दांडा आधी पुढे आणि मग वळून मागे, म्हणून नाव व्ही-ड्राइव्ह. वजन मागे गेल्याने लाट वाढली आणि आजोबा मागच्या खोलीत गेल्याने हॉल मोकळा झाला. आज लेनियरकर ज्या ऐसपैस इंटिरिअरवर भाळलेत ते त्या हलवाहलवीतून आलंय. 1997 मध्ये नॉटिक कंपनीने दोरी उंच बांधायला टॉवर दिला, त्याने मधला दोरीचा खांबही गेला.

आणि रुंदी? ट्रेलरवर विनापरवाना रस्त्याने न्यायची तर 102 इंचांची मर्यादा. त्यामुळे सगळ्यांच्या बोटी तिथेच अडतात. बाजूला वाढता येत नाही, म्हणून नाळ रुंद केली. मुंबईतल्या फ्लॅटवाल्यांनी गॅलरी आत घेतली, तसं.

वर्षाऋतू · 25 जानेवारी

इतके प्रतिसाद वाचले, एकालाही वाटलं नाही की पाण्यातून दमून आलेली बाई बोटीत चढते कशी ते विचारावं?

मी शार्लटला असते, लेक नॉर्मनवर वेकसर्फ करते, वय सांगत नाही. दोन पोरं आहेत. माझी यादी तुमच्याहून वेगळी आहे.

बोटीच्या मागे पाण्यालगत असते त्या फळीवरून आत यायला पायरी आहे का, की ओल्या पायांनी त्या पांढऱ्या गादीवरूनच चढायचं? बहुतेकांत गादीवरूनच. मग ती गादी सरकत-घसरत नाही ना? धरायला मूठ कुठे आहे? नव्या बोटींत हे फार खटकतं. पूर्वी जिथे स्टीलची मूठ असायची तिथे आता कपहोल्डर नाहीतर फोन चार्ज करायची खाच. लाट आली की सात वर्षांच्या मुलाने काय धरायचं, फोन?

पुढे चार जणं मांडी घालून बसतील म्हणता. बसतील. पण बॅलास्ट भरलेला, बोट हळू, समोर दुसऱ्या बोटीची लाट, आणि चार जणं नाळेत: पाणी सरळ वरून आत येतं. आमच्या ओळखीत झालंय. गुडघाभर पाणी, पोहे तरंगत होते. तेव्हापासून हळू चालताना आमच्याकडे पुढे कुणी बसत नाही.

आणि ती उलटणारी मागची सीट, जिच्यावर सगळे फिदा असतात. इंजिन चालू असताना तिथे पोरांना बसवू नका. धूर तिथूनच निघतो आणि बोटीमागे हवा फिरून परत आत येते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पोर पेंगुळलं तर आपल्याला वाटतं उन्हाने दमलं. मागच्या फळीला धरून लोंबकळायला कॅलिफोर्नियात 2005 पासून कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही. दिसायला ती सीट नदीकाठच्या बाकासारखी आहे, बोट बंद असेल तर खुशाल बसा.

इंजिन बंद करणारी दोरीची क्लिप कुठे आहे तेही बघा. एप्रिल 2021 पासून लावणं सक्तीचं झालंय, पण काही ठिकाणी ती चावीमागे अशी लपवतात की कुणी लावतच नाही.

लेनियरकर · 25 जानेवारी

वर्षाताई, तुमचा प्रतिसाद बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, "मी सुंदर आहे म्हटलं होतं, घेऊ म्हटलं नव्हतं."

हळदीकुंकू · 26 जानेवारी

सगळं खरं, पण पांढरी सीट आणि आपला स्वयंपाक याबद्दल कुणी बोलायचं? आमच्या मित्राच्या बोटीत बटाट्याची भाजी सांडली. त्याने मेलामाइनच्या पांढऱ्या स्पंजने घासघासून डाग काढला, आणि वर्षभरात तेवढाच चौकोन खडबडीत होऊन काळा पडला.

रेक्झिनवाला · 26 जानेवारी

तो स्पंज म्हणजे बारीक पॉलिशपेपरच समजा. विनाइलवरचा संरक्षक थर खरवडून निघतो. हळदीला घाबरायचं कारण नाही, साबणाच्या पाण्याने पुसायचं आणि उन्हात सोडायचं. ऊन हळदीचा रंग उडवतं, आईने दोरीवर वाळत घातलेले सदरे आठवा. घाबरायचं ते गुलाबी डागाला. तो वरून पडत नाही, आत ओल्या फोममधे जिवाणू वाढतात आणि त्यांचा रंग विनाइलमधून वर येतो. तो काही केल्या जात नाही. म्हणून परत सांगतो, गादी निथळली पाहिजे.

नागपुरी संत्रं · 26 जानेवारी

म्हणजे दीड लाखाची बोट घ्या आणि रोज गाद्या उन्हात टाका. आमची आजी हेच करे, तळं नव्हतं फक्त.

लेनियरकर · 18 मार्च

धागा वर काढतोय, कारण काल प्रत्यक्ष पाण्यात जाऊन आलो. पाणी बर्फासारखं, वेटसूट घालून. खिशात चुंबक, डोळ्यांवर गॉगल, सोबत दोन्ही पोरं आणि बायको. सेल्समनला आम्ही तपासणी पथक वाटलो असणार.

स्क्रीन गॉगलमधून दिसला. पण ओल्या बोटाने बॅलास्टचं बटण चार वेळा दाबलं, पाचव्यांदा गाणं बदललं. स्टेपलला चुंबक चिकटलं नाही. गादीखालची पाटी प्लास्टिकची, भोकं होती. पण नक्षी बुडालाच.

मधल्या वाटेत मी आणि बायको एकमेकांना ओलांडू शकलो, एकाने बोर्ड धरला की नाही. धाकट्याला म्हटलं, लाट आली तर काय धरशील? त्याने इकडेतिकडे बघितलं आणि कपहोल्डरमध्ये मूठ खुपसली.

निरीक्षकाच्या सीटवर थोरलीला बसवलं आणि मी पाण्यात उतरलो. पडलो, हात वर केला. बोट पुढे जातच राहिली. मी मोजले, आठ-नऊ सेकंद. नंतर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही स्पीकरच्या मागे होतात."

लाट मात्र, खरं सांगतो, आमच्या जुनीला जन्मात येणार नाही अशी. लांब, गुळगुळीत, कमरेएवढी.

तर निर्णय झालेला नाही. चारांपैकी दोन घरं घेऊ म्हणतात. मी तूर्तास रेक्झिनवाल्यांना विचारतो: मागचा बाक सहा फूट, दोन बाजूचे सात-सात फूट, सपाट शिवण, पीटीएफईचा दोरा. फोम किती जाडीचा घेऊ?

रेक्झिनवाला · 18 मार्च

बुडाला चार इंच, पाठीला दोन. जुनं विनाइल उसवून फेकू नकोस, तोच तुझा कटिंगचा नमुना. आणि फोटो टाक.

खोडसाळपंत · 18 मार्च

पैठणीच्या दुकानातून सुखरूप परतलो. नक्षी दोन्हीकडे घेतली.